अमोनियाची चौथी जोडी

सोमवारी पहिल्या तासाला विशाखा गजभिये गॅलरीच्या वर्गात शिरली, टेबलावर हजेरीपट ठेवला, हाताला लागलेलं डस्टर उचलून फळ्याकडे वळली आणि तिथेच अडकली. फळ्यावर रविंद्र वासनिकचं अक्षर होतं. शुक्रवारचं; त्यानंतर या वर्गात तासच झाला नव्हता. माणूस शुक्रवारी संध्याकाळी गेला, शनिवारी दुपारी त्याला अग्नी दिला, त्याच दिवशी कॉलेजने सुट्टी जाहीर करून आपलं कर्तव्य उरकलं, आणि इथे फळ्यावर मात्र त्याचा तास अजून सुटलेला नव्हता. तिने दाराकडे पाहिलं. शिपाई शालिकराम चौकटीला धरून उभा होता, जणू चोरी त्याचीच पकडली गेली होती. "नाई पुसलं म्या, मॅडम," तो हळूच म्हणाला. "दोनदा आलतो फडकं घेऊन. हातच नाई चालला. सरायचं अक्षर हाय ते. आता तुमीच पुसा." असं म्हणून तो निघून गेला. पुसण्याचं काम ज्याचं त्याने ते ज्याला सर्वांत जड जाईल नेमकं त्याच्यावर टाकावं, हा जगाचा जुना रिवाज आहे. पण शालिकरामला काय माहीत! कॉलेजात कोणालाच काही माहीत नव्हतं. विभागप्रमुख बोबडे सरांनी सकाळी तिला सहज सांगितलं होतं, "वासनिकांचे अकरावीचे तास आता तुम्ही घ्या, तुमच्याकडे भार कमी आहे." भार कमी आहे म्हणून ती इथे उभी होती. समोर पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर ऐंशी पोरंपोरी बसली होती, आणि एकही पेन वाजत नव्हतं.

फळ्याच्या डाव्या बाजूला मीथेन होतं, पुरं झालेलं: मधे कार्बन, चारी बाजूंना हायड्रोजन, कार्बनचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी आणि हायड्रोजनचे फुल्यांनी दाखवलेले, एक ठिपका एक फुली मिळून एक जोडी. रविंद्रचे ठिपके मोठे असत. खडू टेकवून तो जरासा फिरवी, त्यामुळे शेवटच्या बाकावरच्या पोराला चष्मा नसला तरी दिसत. मीथेनच्या शेजारी अमोनिया होता, आणि त्याच्या उजवीकडे फळा रिकामा, पाण्याच्या रेणूसाठी राखलेला. अमोनियाच्या डोक्यावर त्याने नेहमीप्रमाणे आधी हिशेब मांडला होता. नायट्रोजनचे बाहेरच्या कक्षेतले पाच, तीन हायड्रोजनचे तीन, एकूण आठ, म्हणजे जोड्या चार. खाली आकृतीत मात्र तीनच काढलेल्या होत्या. नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन यांना जोडणाऱ्या तीन बंधाच्या जोड्या होत्या. चौथी, जी बंधात जात नाही, जी नायट्रोजनजवळ नुसती राहते, ती नव्हती. नायट्रोजनच्या डोक्यावरची जागा कोरी होती. ही चूक विशाखाच्या ओळखीची होती. पोरं बंध काढतात, अणू एकमेकांना लागले की खूश होतात आणि पेन ठेवतात; जे जुळलं नाही ते मोजायचं राहून जातं. दर परीक्षेत निम्मा वर्ग हे करतो. पण रविंद्र वासनिक करत नसे. दुसऱ्याच्या फळ्यावरून नुसता चालत गेला तरी ज्याला तिथला चुकलेला आकडा दिसायचा, त्याने वर चार लिहून खाली तीन काढावेत? तो विसरला. भान नव्हतं म्हणून विसरला. आणि भान का नव्हतं, हे या सबंध नागपुरात एकटी तीच सांगू शकत होती.

कारण हा तास सुरू होण्याआधी, शुक्रवारी सकाळी, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, ॲसिडच्या बाटल्यांच्या कपाटापाशी, त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं, आणि ती नाही म्हणाली होती. दोन वर्षांची ओळख. बायको गेल्यानंतर तो या कॉलेजात आला. पोरगी चिमी कोराडीला बहिणीजवळ असायची. बहिणीचा नवरा तिथल्या वीजकेंद्रात होता, त्यांना क्वार्टर होतं. रविंद्र दर शुक्रवारी संध्याकाळी लॅम्ब्रेटा घेऊन कोराडीला जायचा आणि रविवारी परतायचा, शर्टाच्या कॉलरला तिथली राख घेऊन. संत्र्यांच्या दिवसांत तो मधल्या सुट्टीत संत्रं सोलायचा, शिरा काढायचा, आणि अर्ध्या फोडी न बोलता टेबलाच्या तिच्या बाजूला सरकवायचा. घेता का, असंही विचारायचा नाही. ती आपल्या वह्या तपासत एकेक फोड तोंडात टाकायची आणि बिया कागदावर ठेवायची. एवढंच. यापलीकडे दोघांनी काही केलं नव्हतं. पण दोन वर्षं एका माणसाच्या हातची संत्री खाल्ल्यावर यापलीकडे काही उरत नाही, हे ज्याने खाल्ली त्यालाच कळतं. शुक्रवारी ती ब्युरेट धुऊन स्टँडला लावत होती. तो आला, कपाटाला टेकला, खडूची डबी या हातातून त्या हातात केली. एरवी तिच्याशी तो पुस्तकी मराठी बोलायचा, विद्यापीठाने शिकवलेली. त्या दिवशी घरच्या बोलीत आला. "विशाखाबाई, चिमीले नागपूरले आनतो म्हनतो. घर तं पाहिलं. पन नुसतं घर आनून काय करू?" मग श्वास घेऊन, "लग्न करता का माह्यासंग?"

आणि ती काय म्हणाली? ती ताठ झाली, आणि त्याने जी भाषा सोडली होती तीच उचलून म्हणाली, "मी कोणाच्या रिकाम्या जागेवर बसायला नाही, सर." वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तिचं तिलाच लागलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. रागावला नाही, पडेलही दिसला नाही. निदान त्या वेळी तिला तसं वाटलं नाही. "बरं," एवढंच म्हणाला. नंतर, "घंटा झाली नं?" आणि गेला. त्या 'बरं'ला तिने तीन दिवस उलटंपालटं केलं होतं. त्यात काय होतं? दुखावलेपण? समजूत? की तास सुरू व्हायची नुसती घाई? कोर्टातल्या वकिलासारखी ती त्या दोन अक्षरांची उलटतपासणी घेत राहिली, आणि दरवेळी निकाल तिच्याविरुद्ध लागला.

जातीपातीची अडचण असती तर तिला बरं वाटलं असतं, कोणाला तरी दोष देता आला असता. पण दोन्ही घरं छप्पन साली दीक्षाभूमीवर पांढरी वस्त्रं नेसून उभी राहिलेली. दोघांच्या आजोळी ओळखीपाळखी. इंदोऱ्यात तिची आई अंजनाबाई तर आनंदाने वेडी झाली असती. तेहतीस वर्षांच्या लेकीला असा माणूस विचारतो, यापरतं सुख तिला ठाऊक नव्हतं. अडचण विशाखाचीच होती, आणि ती फार जुनी होती. सात-आठ वर्षांची असताना आईबरोबर ती कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीला बसली होती. वाढणारा बुंदीचं ताट घेऊन समोर आला, आणि या पोरीने लगेच पत्रावळ पुढे केली. खालून आईने मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. घरी येईपर्यंत अंजनाबाई बोलली नाही. मग म्हणाली, "पहिल्या वाढीले हो नाई म्हनाव वं माय. लोक म्हनतात, पाहा, उपाशी जात हाय. पहिल्यांदा नको म्हनाव. ज्याले द्याचं हाय तो आखीन एकडाव विचारते." बाप धोंडबा गिरणीत होता, घरात खायला नव्हतं असं नाही; पण ज्यांच्या मागच्या पिढ्यांना पंगतीच्या बाहेर बसवलं, त्यांच्या घरात पत्रावळ पुढे करणं ही साधी गोष्ट नव्हती. त्या दिवसापासून विशाखा सगळ्याला आधी नको म्हणत आली. चहा, नवी साडी, शिष्यवृत्ती, ही नोकरीसुद्धा. आणि गंमत म्हणजे प्रत्येक वेळी समोरच्याने पुन्हा विचारलं. तिच्या वस्तीत 'नको' म्हणजे 'आणखी एकदा विचार' हे लहान पोरालाही कळायचं. मग रविंद्रला का कळू नये? तो काय परक्या गावचा होता?

शुक्रवारी दिवसभर ती दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत होती. अकरा वाजता तिला वाटलं, तास संपला की येईल. आला नाही. मधल्या सुट्टीत तो स्टाफरूममध्ये दिसला नाही. दुपारी एम.एस्सी.च्या पोरांना टायट्रेशन दाखवताना रंग कधीच पालटून गेला होता आणि ती थेंब टाकतच होती, एक पोरगं म्हणालं, "मॅडम, झालं नं." तीन वाजता तिने स्वतःशी ठरवलं, तो विचारो न विचारो, आपणच जायचं. काय म्हणायचं ते शब्दसुद्धा जमवले. पण चारला सायकल स्टँडपाशी गेली तेव्हा लॅम्ब्रेटा निघून गेली होती. ठीक आहे, सोमवारी, असं म्हणत ती घरी आली. त्या संध्याकाळी तिने आईला न मागता चहा करून दिला, केसांना तेल लावून दिलं. "आज लय खुशीत हायेस वं," अंजनाबाई म्हणाली. आणि ती खुशीत होतीच. नोव्हेंबरची थंडी पडायला लागली होती, आणि तिच्या मनात सोमवार ठरलेला होता. नेमकी दिवेलागणीची वेळ. त्याच वेळी कोराडीच्या रस्त्यावर, कडेला उभ्या असलेल्या कोळशाच्या ट्रकवर, रविंद्रची स्कूटर मागून आदळली.

उभ्या ट्रकवर! चालत्या नव्हे. शनिवारपासून कॉलेजातल्या ज्याच्या त्याच्या तोंडी हेच होतं. एवढा सावध माणूस, रोजच्या पायाखालचा रस्ता, आणि समोरचा एवढा मोठा ट्रक दिसू नये? कोणी म्हणे ट्रकला मागचा दिवा नव्हता, कोणी म्हणे राखेचा लोट आला असेल. रविवारी स्टाफ मिळून कोराडीला गेला तेव्हा मेहुण्यानेही हेच म्हटलं: "लक्ष नसन बा त्याचं. कुठं होतं त्याचं ध्यान, कोनाले मालूम." विशाखाला मालूम होतं. क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत ती दाराजवळच्या सतरंजीवर बायकांच्या मागे बसली होती. समोर बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती, भिंतीवर रविंद्रच्या बायकोची तसबीर, आणि तिच्या शेजारी एक नवा खिळा ठोकलेला, नवी तसबीर यायची होती. सिंधूताई, त्याची बहीण, येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगत होती, आणि दरवेळी त्याच ठिकाणी तिचा आवाज फुटत होता. सांगता सांगता तिची नजर विशाखावर आली. "तुमी कोन जी, बाई?" विशाखाच्या ओठावर किती उत्तरं येऊन गेली. तुमच्या भावाने ज्या बाईला विचारलं ती मी. जिने त्याला तोडून टाकलं ती मी. तुमच्या भावाला मी मारलं, सिंधूताई, ट्रकाने नाही. ती म्हणाली, "कॉलेजातली. सोबत शिकवत होतो." सिंधूताईने मान हलवली. म्हणजे घरी त्याने नावही काढलं नव्हतं. "मागच्या खेपेले आलता," सिंधूताई सांगत होती, "तं म्हने, ताई, चिमीले आता घेऊन जातो. म्या म्हनलं, अरे येडा, एकटा पोरीले कसा पाहशीन? तं निस्ता हासला." आतल्या खाटेवर चिमी बसली होती. सहा वर्षांची. आलेल्या लोकांनी दिलेलं संत्रं ती सोलत होती, आणि तिला ते सोलता येत नव्हतं. विशाखाने उठून सोलून दिलं असतं. पण कोण म्हणून उठायचं?

बसमध्ये परतताना तिला एक विचित्र गोष्ट जाणवली, आणि ती लाजेने स्वतःशीही नीट कबूल करत नव्हती. त्या खोलीत प्रत्येकाच्या दुःखाला नाव होतं. बहिणीचं दुःख, लेकीचं दुःख, मेहुण्याचं. मेलेल्या बायकोलासुद्धा भिंतीवर जागा होती. विशाखाजवळ काय होतं? शोक करायचा तर हक्क हवा, आणि तो तिने शुक्रवारी सकाळी स्वतःच्या हाताने परत केला होता. उरला होता फक्त अपराध. तो मात्र संपूर्ण तिचा होता, त्यात कोणी वाटेकरी नव्हता. माझ्यामुळे गेला, या वाक्यात निदान 'माझा' असं काहीतरी होतं. ते वाक्य ती कोराडीहून इंदोऱ्यापर्यंत उराशी धरून आली, रात्रभर उशाशी घेऊन पडली. आणि आज फळ्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. वर चार, खाली तीन. पुराव्याला आणखी काय लागतं? तिच्याजवळून निघून तो सरळ या फळ्यापाशी आला, आणि त्याचा हात चुकला. जे सकाळी चुकलं तेच संध्याकाळी रस्त्यावर चुकलं.

डस्टर हातात धरून ती किती वेळ उभी होती, कोण जाणे. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईने इलेक्ट्रॉनांतून माणसांचा अर्थ काढू नये, हे तिला कळत होतं. नायट्रोजनला एकटेपण नसतं. त्याच्याजवळच्या त्या दोन इलेक्ट्रॉनांना कोणी नाकारलेलं नसतं. ती जोडी तिथे असते कारण आठ भागिले दोन चार होतात, आणि चारातून तीन गेले की एक उरते, बस्स. हे असं कोरडं स्वतःला बजावून तिने डस्टर उचललं. नायट्रोजनच्या अक्षरापर्यंत हात गेला आणि पुढच्या बाकावरून आवाज आला: "मॅडम, पुसू नका नं."

करुणा ढोके होती. दोन वेण्यांची, प्रयोगशाळेत हजेरी घेताना नेहमी उभी राहून 'जी मॅडम' म्हणणारी. ती उभी होती आणि खाली पाहत होती. "सरायचा प्रश्न बाकी हाय, मॅडम." कोणता प्रश्न, असं विशाखाने विचारलं; आवाज आपला नव्हेच असं तिला वाटलं. मग वर्ग हळूहळू बोलू लागला. आधी करुणा, मग तिच्या शेजारची, मग मागचे, एकाचं दुसऱ्याने उचलत. सर बंधाबाहेरची जोडी कधी काढतच नसत. मुद्दाम. हिशेब वर पुरा लिहायचे, बंध काढायचे, आणि मग खडू ठेवून फळ्याकडे तोंड करून, वर्गाला पाठ दाखवून उभे राहायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. कोणीतरी "सर, एक जोडी राहिली!" म्हणून ओरडेपर्यंत तसेच उभे. कोणी ओरडलं की वळून म्हणायचे, "राहिली तं सांगा नं बाप्पा, मी काय देव हावो?" आणि मग ठिपके द्यायचे. पहिल्या दिवशी कोणाला कळलं नव्हतं, नंतर वर्ग आधीच टपून बसायचा. विशाखाने त्याचा एकही तास ऐकलेला नव्हता. दोन वर्षं एका टेबलावर बसून तिला हे माहीत नव्हतं.

"मग शुक्रवारी कोणी सांगितलं नाही?" तिने विचारलं. वरच्या बाकावरून एक लांबुडका पोरगा उठला, ओमप्रकाश नावाचा, ज्याची ख्याती एरवी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या फोडण्याबद्दल होती. "आमी ठरवलं होतं, मॅडम," तो म्हणाला. "आज सांगाचं नाई म्हून. पाहू म्हनलं, सर किती वेळ उभे राहतात. सर लय वेळ उभे राह्यले. खांदे हालून राहिले होते त्यायचे, हासत होते. त्यायले समजलं होतं आमची मस्ती हाय म्हून. मंग घंटा झाली. सर वळले तं म्हने, सोमवारी सांगजा. तुमाले येते, मले मालूम हाय. मले काही घाई नाई." त्याने दाराकडे हात केला. "शिटी वाजवत गेले, मॅडम, जिन्यावरून. आमाले येत होतं. सगळ्यायले येत होतं." एवढं बोलून तो बसला आणि त्याने बाकावर डोकं टेकलं. करुणा उभ्या उभ्या रडत होती. कोणी कोणाला गप्प करत नव्हतं.

विशाखाला आधी काहीच वाटलं नाही. मग वाटलं ते सुटल्यासारखं. तो चुकला नव्हता. तिच्याजवळून येऊन तो हसला होता, शिटी वाजवत जिना उतरला होता. म्हणजे ट्रकला दिवाच नसेल, राखच उडाली असेल, तिचा काही संबंध नसेल. तीन दिवसांचं ओझं उतरलं, आणि ते उतरताच तिच्या पायाखालचं सगळंच गेलं. कारण मग तिच्या 'नाही'चं काय झालं? ते त्याला लागलंच नाही? विचारून पाहिलं, नाही म्हणाली, बरं, असं म्हणून तो शिटी वाजवायला मोकळा झाला? दोन वर्षांची संत्री एवढी हलकी होती? की ज्याला पोरांच्या मुक्या बसण्यामागचं उत्तर पाठ फिरवूनही ऐकू येत होतं, त्याला तिच्या त्या ताठ वाक्यामागचंही ऐकू आलं होतं? येते तिला, मले मालूम हाय, मले घाई नाई. सोमवारी सांगेल. असं म्हणून तो हसत गेला? दोन्हींपैकी एक खरं होतं. पहिलं असेल तर ती त्याची कोणीच नव्हती. दुसरं असेल तर ती त्याची सगळं काही होती, आणि त्याला ते ठाऊक होतं, आणि तो तिच्या होकाराच्या भरवशावर आनंदाने स्कूटर चालवत होता. कोणतं, हे आता जगात कोणीही सांगू शकणार नव्हतं. तिचा अपराधही गेला. उराशी धरायला त्याच्याकडचं तेवढंच होतं, आणि ते ऐंशी पोरांनी भाबडेपणाने काढून घेतलं.

ती फळ्याकडे वळली. डस्टर खाली ठेवून खडू घेतला. "सांग," ती म्हणाली. कोणाला, ते तिने म्हटलं नाही, पण ओमप्रकाश उठला आणि नाक पुसत म्हणाला, "नायट्रोजनवर एक जोडी राहिली. बंधातल्या तीन, बंधाबाहेरची एक." तिने नायट्रोजनच्या डोक्यावर दोन ठिपके दिले. त्याच्या ठिपक्यांशेजारी ते बारके दिसत होते, म्हणून तिने ते पुन्हा गिरवून मोठे केले. मग उजवीकडच्या रिकाम्या जागेत पाणी काढलं. ऑक्सिजनचे सहा, हायड्रोजनचे दोन, आठ, जोड्या चार. बंधातल्या दोन, बाहेरच्या दोन. तिने काही राखून ठेवलं नाही, पाठ फिरवून उभी राहिली नाही. सगळ्या जोड्या स्वतःच काढल्या आणि मोजून दाखवल्या. पोरांनी वहीत उतरवून घेतल्या. घंटा झाल्यावर ती फळा न पुसता खाली आली.

स्टाफरूममध्ये नेहमीची वर्दळ होती. कोणी डबा उघडत होतं, कोणी परीक्षेचं वेळापत्रक वाचत होतं. बोबडे सर हातात एक कागद घेऊन तिची वाटच पाहत होते. भला माणूस, मनात कपट नाही. "बरं झालं, मॅडम, भेटलात," ते म्हणाले. "बुधवारी शोकसभा ठेवली आहे. प्राचार्य बोलतील, मग विभागातर्फे एक जण. मी म्हटलं तुम्हीच बोला." "मी का, सर?" तिने विचारलं. "अहो, माझा तर गळा दाटून येतो. पाटील सरांचंही तेच, सोबत उठबस होती त्यांची. तुमचा काही फारसा संबंध नव्हता वासनिकांशी, तुम्हाला जड नाही जायचं. पाच मिनिटं बोला. मनमिळाऊ होते, विद्यार्थिप्रिय होते, असे दोन शब्द."

विशाखाने खुर्चीची पाठ धरली. तिला 'बरं' म्हणायचं होतं. आयुष्यभर अशा वेळी तिने काहीतरी नीटस, पुस्तकी वाक्य म्हणून वेळ मारून नेली होती. वाक्य आलं नाही. "त्यायनं मले इचारलं होतं, सर," ती म्हणाली. टेबलावरचे आवाज थांबले. बोबडे सरांना कळलं नाही. "काय विचारलं होतं?" "लगनाचं. शुक्रवारी. लॅबच्या मांगच्या खोलीत." आईच्या घरची बोली होती, या खोलीत ती कधी कोणी तिच्या तोंडून ऐकली नव्हती, आणि ती आता थांबत नव्हती. "म्या नाई म्हनलं. मले वाटलं, आखीन एकडाव इचारतीन. मले हो म्हनाचं होतं, सर. पहिल्यापासून हो म्हनाचं होतं." ती खुर्चीत बसली, आणि दोन्ही हात तोंडावर न घेता, सगळ्यांसमोर, मोठ्याने रडू लागली. बोबडे सर कागद हातात धरून तसेच उभे राहिले. पाटलांनी उठून दार लोटून घेतलं. पुढच्या तासाची घंटा झाली, आणि त्या खोलीतून कोणीही वर्गावर गेलं नाही.